कॅम्पसचा कार्बन मोजायचाय? आधी बिलांची फाइल मागा

नेरुळ-ऐरोली पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजात कार्बन, म्हणजे वीज-इंधनाच्या वापरातून होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन, मोजायचं काम अंगावर आलं की पहिला प्रश्न येतो, ‘सोलर कधी बसवायचं?’ सोलर राहू द्या बाजूला. आधी अकाउंट्समधून महावितरणच्या वर्षभराच्या बिलांची फाइल मागा. अर्ज करून मिळायला वेळ लागतो, चहाच्या वेळी गेलात तर लगेच मिळते.

हाय टेन्शन (उच्चदाब जोडणीच्या) बिलात आकारणी केव्हीएएचवर (एकूण पुरवलेल्या विजेवर) असते, कार्बन मात्र केडब्ल्यूएचवर (प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटवर) काढायचा. नवखे इथेच गोंधळतात. ग्रिडचा गुणक, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो तो आकडा, केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करतं, तो युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास धरा. जनरेटरच्या डिझेलचे लिटरमागे साधारण 2.7 किलो. आमच्या जनरेटरच्या वहीत तारीख होती, तास होते, शेऱ्यात ‘पाऊस’ होता. लिटरचा रकाना मात्र कोरा! शेवटी पंपाच्या पावत्या जुळवल्या. एसीचा गॅसही धरायचा. आर-410ए हा एसीतला गॅस एक किलो गळाला की दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, आणि एसीवाला बिलात नुसतं ‘गॅस चार्जिंग’ लिहून मोकळा होतो. किती किलो भरला, ते फोन करून विचारा.

पण खरं घबाड रात्री सापडतं. कॉलेज बंद झाल्यावर इलेक्ट्रिशियनदादांना घेऊन पॅनेल रूममध्ये जा आणि मीटरवरचा लोड बघा. समजा 40 किलोवॅट दिसला. दहा तासांत 400 युनिट, म्हणजे एका रात्रीत 280 किलो कार्बन, तोही एकही विद्यार्थी आवारात नसताना. मग एकेक एमसीबी (सर्किटचा स्विच) पाडत ही वीज कोण खातंय ते शोधायचं. सर्व्हर आणि लॅबचे डीप फ्रीझर चालूच राहणार, त्यांना हात लावायच्या आधी लॅबवाल्यांना विचारा. आमच्याकडे मजल्यामजल्यावरचे वॉटर कूलर रात्रभर पाणी गार करत बसले होते. टायमर लावले, काम झालं.

एसी 24 वर ठेवा, हे सांगणं सोपं. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं बीईई (केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) सांगते. पण इथल्या दमट हवेत पंखा चालू नसेल तर कुणी ऐकत नाही, आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये तर मुळीच नाही.

याच कामात पुढे जायचं असेल तर बीईईची एनर्जी ऑडिटरची परीक्षा द्या. पेपर चार, वर अनुभवाची अट. बिलांचं आणि पॅनेल रूमचं काम त्या अनुभवात दाखवता यावं, म्हणून नोंदी पहिल्या महिन्यापासून तारखेनिशी ठेवा.