घोडेस्वारीचे हातमोजे: आधी लगाम बघा, मग दुकान गाठा

रायडिंग सुरू केलं की माणसं आधी बूट घेतात, मग हेल्मेट (क्रम उलटा हवा, पण असो). हातमोज्यांची आठवण होते ती करंगळीच्या बेचक्यात पहिला फोड आल्यावर. फोड तिथेच येतो त्याला कारण आहे आणि ते एकदा कळलं की निवडीचं अर्धं काम होतं.

लगामाचा पट्टा घोड्याच्या तोंडाकडून येतो, अनामिका आणि करंगळीच्या मधून मुठीत शिरतो, तळहातावरून वर चढतो आणि तर्जनीवरून बाहेर पडतो. वरून त्याला अंगठा दाबून धरतो. घोडा वॉकमध्ये (साध्या चालीत) आणि कँटरमध्ये (संथ दौडीत) मान सतत पुढेमागे करत असतो, म्हणजे तासभराच्या रपेटीत पट्टा या दोन जागांवर घासतच राहतो: अनामिका-करंगळीचं बेचकं आणि अंगठा-तर्जनीची चिमूट. हातमोजा फाटतो तोही इथेच. दुकानात आपल्याला दाखवतात ती मात्र मागची बाजू, तिची नक्षी, तिची शिलाई. तुम्ही तो उलटा करून तळवा बघा. या दोन्ही जागांवर वेगळा, दुहेरी तुकडा शिवलेला नसेल तर तो रोजच्या कामाचा नाही.

कोणता लगाम धरता?

हा प्रश्न दुकानदार विचारत नाही, म्हणून स्वतःलाच विचारा. साधा चामड्याचा लगाम असेल तर घामाचा विचार करावा लागतो. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे मानेवर लगाम घासतो तिथे पांढरा फेस येतो आणि पट्टा बुळबुळीत होतो. अशा वेळी गुळगुळीत चामड्याचा तळवा घसरतो, खरखरीत किंवा रबरी ठिपक्यांचा टिकून धरतो. लगामावरच रबराचं आवरण असेल तर गणित बदलतं. ते रबर पातळ हातमोजे खाऊन टाकतं, आणि रबरावर रबरी ठिपके असले की पट्टा इतका चिकटून बसतो की लांबी सोडता-घेता येत नाही. तिथे ठिपके नकोत, जाड तळवा हवा. जाळीच्या पट्ट्यावर चामड्याच्या पट्ट्या शिवलेला लगाम धरत असाल तर त्या पट्ट्या दर वेळी त्याच जागी टोचतात, म्हणून तळवा फार पातळ चालणार नाही.

माथेरान-महाबळेश्वरला हौसेने फेरी मारणाऱ्यांना घोड्यावर नायलॉनची दोरी बांधलेली दिसू शकते. ओढली गेली तर ती उघडा तळहात भाजून काढते. तिथे कुठलेही पूर्ण बोटांचे हातमोजे उघड्या हातापेक्षा बरे.

माप घ्या

ज्या हाताने लिहिता त्याची मूठ अर्धवट मिटा. अंगठा सोडून, चार बोटांच्या उंचवट्यांवरून शिंप्याची टेप फिरवा. मग कंपनीच्या तक्त्यात बघा, कारण एकाचा सात दुसऱ्याचा साडेसात असतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर चामड्यात लहान घ्या, ते रुंदीत सैलावतं. सिंथेटिकमध्ये मोठं घ्या, ते फारसं सैलावत नाही. बोटांच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर जागा पुरे. त्याहून जास्त कापड लोंबलं की त्याच्या घड्या लगामात अडकतात. मुलांसाठी तर वाढत्या अंगाचे हातमोजे मुळीच घेऊ नका. शाळेच्या गणवेशाला ते चालतं, इथे मुलाची पकड सुटते.

चामडं की सिंथेटिक?

शेळीचं चामडं मऊ, चिवट आणि लगामाची जाणीव हातापर्यंत पोचवणारं. गायीचं जाड, टिकाऊ, पण बोटं लाकडी करणारं. हरणाचं सर्वांत मऊ आणि तसंच महाग. कोरड्या दिवसांत शेळीच्या चामड्याला तोड नाही. पण आपल्याकडे चार महिने पाऊस आहे. चामडं भिजलं की निसरडं होतं, वाळलं की कडक होतं आणि कपाटात ठेवलं की त्यावर बुरशी धरते. एकच जोडी घ्यायची असेल तर माझं मत सिंथेटिक स्वेडचा (मखमली पोताच्या कृत्रिम चामड्याचा) तळवा आणि मागे जाळीचं, ताणलं जाणारं कापड. दिसायला साधी, पण एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या चिखलात दोन्हीकडे चालते.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे रबरी ठिपक्यांचे सुती हातमोजे शिकाऊ माणसाला पहिले काही दिवस चालतात. पुढे त्यांच्या बोटांच्या टोकांवरची जाड शिवण बोचू लागते. मोटारसायकलचे गुबगुबीत हातमोजे मात्र नकोत. त्यांतून घोड्याच्या तोंडाची हालचाल हाताला कळत नाही. जिमचे बिनबोटांचे तर ज्या बेचक्याला संरक्षण हवं तेच उघडं ठेवतात.

दुकानातली परीक्षा

खोगिराचं दुकान असेल तर लगाम मागा, नसेल तर स्वतःचा कमरेचा पट्टा काढा. हातमोजा घालून तो लगामासारखा धरा आणि सोबतच्या माणसाला दुसरं टोक हलक्या हाताने ओढ-सोड करायला सांगा. मिनिटभरात कळतं: बेचक्यात शिवण रुतते का, तळहातावर कापड गोळा होतं का, अंगठा टेकतो तिथे घसरतं का. मग त्याच पट्ट्याचं बक्कल लावा आणि काढा. घोड्यावर बसल्याबसल्या तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसायचा तर एवढं जमलंच पाहिजे, नाहीतर दर वेळी दातांनी हातमोजा ओढून काढत बसाल. मनगटावरचा वेल्क्रो हाडाच्या गाठीवर येत नाही ना, तेही बघा.

आपल्याकडचं खोगीर-लगामाचं पुष्कळ सामान कानपूरचं असतं. तिथला हा उद्योग इंग्रजांच्या लष्करापासूनचा आहे. ऑनलाइन मागवत असाल तर तळव्याचा फोटो मागून घ्या. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

घातल्यावर

नवे चामड्याचे हातमोजे पहिले दोन-तीन दिवस घरी टीव्ही बघताना घाला, मुठी मिटा-उघडा. गडद रंगाचे असतील तर ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग जातो का बघा, नाहीतर पहिल्या घामाला तळहात काळे होतील.

खरारा आणि लीद काढायला ही जोडी वापरू नका. केस आणि धूळ तळव्यात बसली की पकड गेली. लंजिंगला (लांब दोरीवर घोडा गोल फिरवायला) मात्र हातमोजे घालायलाच हवेत, जुनी जाड जोडी त्यासाठी ठेवा. हातमोजे आहेत म्हणून दोरीचा वेढा हाताला घ्यायचा नाही, दोरी नेहमी घड्या घालूनच धरायची.

घामाचं मीठ शिवण खातं. सिंथेटिक जोडी गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवा आणि धुताना वेल्क्रो बंद ठेवा, नाहीतर तो जाळी ओरबाडतो. चामडं ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, गाडीच्या बॉनेटवर नाही. तेल लावायचं तर मागच्या बाजूला, तळव्याला नको. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका.

मागची शिवण उसवली तर मोच्याकडून टाके घालून घ्या. बेचक्यात भोक पडलं तर ठिगळ लावू नका, त्याची कड नेमकी फोडाच्या जागी येते. ती जोडी लंजिंगच्या डब्यात टाका. टाकण्याआधी दोन्ही तळवे शेजारी ठेवून बघा. डावा पार झिजलेला आणि उजवा जवळपास नवा असेल, तर तुम्ही एका हाताने जास्त ओढता आहात. नवी जोडी आणण्याआधी ही जुनी प्रशिक्षकाला दाखवा.