गोल्फमध्ये चिप मारायला कुठला क्लब घ्यायचा: निघण्याआधीची तयारी, आणि सगळ्यात आधी जमीन

मागच्या मे महिन्यात पुण्यात एका साध्या चिपवर, म्हणजे ग्रीनजवळून मारायच्या छोट्या फटक्यावर, माझा अख्खा होल (सुरुवातीपासून झेंड्यापर्यंतचा एक टप्पा) गेला. बॉल ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, कडेपासून तीन पावलांवर, झेंडा बॉलपासून वीस पावलांवर, मधलं ग्रीन परातीसारखं सपाट. माझ्या हातात ५६ डिग्रीची सँड वेज होती, बॉल उंच उडवणारा क्लब, म्हणजे काठी. क्लबचा तळ जमिनीवर आपटून वर उसळला, पुढची धार बॉलच्या पोटात बसली आणि बॉल ग्रीन ओलांडून थेट पलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात गेला. पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या, होलला मी आठ लिहिले. स्विंग बरा होता, रेषा बरोबर होती. बॉलखालची जमीन तेवढी मी बघितली नव्हती. यंदा अमळनेर-धुळ्याकडचे आणखी दोघं-तिघं आमच्याबरोबर पहिल्यांदा येणार आहेत, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते.

तयारी निघायच्या आदल्या रात्री सुरू होत नाही, पंधरा दिवस आधी घरीच सुरू होते. आमच्याकडून खेळायला जायचं म्हणजे नाशिक नाहीतर पुणे, त्यामुळे सराव शेतातच होतो. आणि आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगून लोण्यासारखी मऊ होते, होळीनंतर आवळत जाते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी सराव केला तो पावसाळा संपताना आणि हिवाळ्यात, बांधाकडेच्या ओल्या हरळीवर. तिथे सँड वेज इतकी सुरेख चालायची, की दुसरा क्लब हातात घ्यावासाच वाटायचा नाही. एप्रिलमध्ये आमचा सालदार म्हणाला होता, "ताई, भुई कडक व्हई जायेल शे, पानी सोडू का?" मी हो म्हटलं. त्याने पाटाचं पाणी वळवलं, भुई मऊ झाली आणि माझा सराव पुन्हा छान सुरू झाला. त्याने जमिनीकडे बघितलं होतं, मी बघितलं नव्हतं. ती कडक भुई तशीच ठेवून त्यावर आठ दिवस मारलं असतं, तर पुण्यातली चिप मला घरीच कळली असती.

म्हणून सरावाला दोन जागा करा. एक पाणी दिलेली, हरळीची. दुसरी खळ्यासारखी चोपलेली, कडक, गवत नसलेली. रोज दोन्हीकडे मारा. कडक जागा टाळावीशी वाटेल, कारण तिथे चुका लगेच दिसतात. टाळू नका.

आता कडक जमिनीवर नेमकं काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण हे समजलं की क्लब निवडणं निम्मं सोपं होतं. सँड वेज उलटी करून तिचा तळ बघा. पुढच्या धारेपेक्षा तळाचा मागचा भाग खाली आलेला असतो. या कोनाला बाउन्स म्हणतात. पूर्वी वाळूतून मारायला वापरायचे त्या क्लबची धार पातळ, ती वाळूत रुतून बसायची. अमेरिकेचा गोल्फपटू जीन सॅराझेन, त्याने तळाला जादा धातू चढवून तो रुंद आणि खाली आलेला केला, आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन हाच क्लब घेऊन जिंकली. म्हणजे हा तळ मुळात वाळूसाठी आहे. वाळू, ओली माती, दाट मऊ गवत यांत तो रुतू देत नाही, घसरत पुढे जातो. पण खाली खळं असेल तर त्याला रुतायला काही मिळतच नाही. तो आपटतो, उसळतो, धार बोटभर वर येते, आणि बॉलच्या बरोबर मध्यावर बसते.

आपल्या वेजवर बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात, एक लॉफ्टचा (क्लबचं तोंड मागे किती कललेलं आहे तो कोन, जास्त असेल तर बॉल जास्त उंच उडतो) आणि दुसरा बाउन्सचा. ढोबळमानाने बाउन्स ४ ते ६ म्हणजे कमी, ७ ते १० मध्यम, त्याच्या वर जास्त. कडक, उघड्या जमिनीला कमी बाउन्स, मऊ जमिनीला जास्त. माझ्या वेजवर १४ लिहिलेलं होतं. दोन वर्षं तो आकडा मी रोज पुसत होते आणि कधी विचारलं नाही की हा कशाचा. आजच तुमच्या वेजवरचे आकडे वाचा आणि कागदावर लिहून ठेवा.

नावांवरही जाऊ नका. पिचिंग वेज पूर्वी ४८ डिग्रीच्या आसपास असायची, हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये ती ४४-४५ वर आली आहे. दोघांच्या पिशवीत 'पिचिंग वेज' असली तरी बॉल वेगवेगळा पळतो. आपली किती डिग्रीची आहे ते विक्रेत्याकडून नाहीतर कंपनीच्या माहितीपत्रकातून काढा.

पिशवीत काय घ्यायचं? चौदा क्लबची मर्यादा सगळ्यांना माहीत आहे, तरी निघताना मोजा, जास्त निघाला तर ज्या होलवर चूक झाली त्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोक (फटके) दंड पडतो, एका राउंडला जास्तीत जास्त चार. चिपिंगसाठी आठ नंबर (लोखंडी क्लबना नंबर असतात, नंबर मोठा तसा लॉफ्ट जास्त), पिचिंग वेज, कमी बाउन्सची एखादी वेज आणि सँड वेज एवढे असलेच पाहिजेत. ६० डिग्रीची लॉब वेज नवीन माणसाने घरी ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. बॉल उंच उडवायचा मोह होतो, आणि मे महिन्याच्या जमिनीवर तो मोह महागात पडतो. गाडीत ओझं नको म्हणून आठ-नऊ नंबर काढून ठेवणारे मी बघितले आहेत. ते काढू नका, कडक जमिनीवर तेच उपयोगी पडतात.

बॉल एकाच जातीचा वापरा. कडक आवरणाचा स्वस्त बॉल ग्रीनवर जास्त पळतो, मऊ आवरणाचा लवकर थांबतो. घरी एक आणि तिथे दुसरा, असं केलंत तर पंधरा दिवसांचा अंदाज वाया.

आता अंदाजाचं. चिप म्हणजे थोडं उडणं आणि जास्त पळणं. बॉल कुठे टेकवायचा ते आधी ठरवायचं आणि मग क्लब, हा क्रम उलटा करू नका. टेकवायची जागा शक्यतो ग्रीनवर पाऊलभर आत, सपाट. घरी खळ्यावर एक गोणपाट चौपदरी घडी घालून टाका आणि त्यावरच बॉल टेकवायचा सराव करा. मग क्लब बदलून बघा, त्याच गोणपाटावरून आठ नंबरचा बॉल कुठपर्यंत जातो आणि पिचिंग वेजचा कुठे थांबतो. हे डोळ्यांनी एकदा बघितलं की पुस्तकं वाचावी लागत नाहीत.

हिशेबाला बाराचा नियम चांगला आहे. बॉलपासून टेकायच्या जागेपर्यंत किती पावलं, आणि तिथून होलपर्यंत, म्हणजे झेंड्याच्या खळग्यापर्यंत, किती. दुसऱ्याला पहिल्याने भागा, आलेला आकडा बारातून वजा करा. उरेल त्या नंबरचा क्लब. माझ्या त्या चिपचंच घ्या. चार पावलं उडायचं, सोळा पावलं पळायचं. सोळा भागिले चार, चार. बारातून चार गेले, आठ. आठ नंबर! पाच उडून दहा पळायचं असेल तर भागाकार दोन, उरले दहा, म्हणजे नऊ नंबरच्या पुढची पिचिंग वेज. उडणं-पळणं सारखंच असेल तर उरतात अकरा, तिथे सँड वेज. हे सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी आहे. होल चढावर असेल तर एक नंबर कमी लॉफ्ट, उतारावर असेल तर एक नंबर जास्त. सकाळी दव असेल तर बॉल कमी पळतो. ग्रीनचं गवत चकचकीत दिसत असेल तर ते तुमच्यापासून पलीकडे झुकलेलं आहे, बॉल जास्त पळेल, काळपट दिसत असेल तर ते तुमच्याकडे झुकलेलं आहे, बॉल कमी पळेल.

पण हा हिशेब जमिनीला विचारत नाही. अकरा उरले म्हणून कडक उघड्या भुईवर सँड वेज काढाल, तर माझंच होईल. जमीन कडक निघाली की टेकायची जागा पुढे-मागे करून बघा, पिचिंग वेजने जमतंय का, आठ नंबरने जमतंय का. नाहीच जमलं तर पटर घ्या, ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब. कडेचं गवत कापलेलं आणि कोरडं असेल तर तीन-चार पावलं बाहेरूनही पटरने मारता येतं, आणि नवीन माणसाची वाईट पटही, म्हणजे पटरचा फटकाही, वाईट चिपपेक्षा होलच्या जवळ जाते.

आदल्या रात्री क्लबच्या खाचा जुन्या टूथब्रशने धुवा. काळी माती खाचांत वाळून बसते आणि बॉलला पकड मिळत नाही. कोरडा नॅपकिन, बॉलमार्कर. टोपी, पाणी, उन्हाचं आपल्याला सांगायला नको.

कोर्सवर तासभर आधी पोचा. सरावाच्या ग्रीनवर दहा चिप मारा, पण तिथल्या जमिनीवर विश्वास ठेवू नका! सरावाच्या ग्रीनभोवती बहुधा भरपूर पाणी असतं. मी तिथेही सँड वेजनेच मारलं होतं आणि सगळे बॉल सुरेख थांबले. चौथ्या होलच्या कडेला माणसं येऊन-जाऊन गवत गेलं होतं, खाली मुरूम दिसत होता. एकाच कोर्सवर, एकाच दिवशी, दोन जमिनी. म्हणून प्रत्येक बॉलजवळ नव्याने बघायचं. सकाळी बघितली होती, हे चालत नाही.

बॉलकडे जाताना तीन क्लब आणि पटर हातात घेऊन जा. मी एकच घेऊन गेले होते, पिशवी कॅडीदादांकडे ग्रीनच्या पलीकडे. त्यांनी लांबूनच विचारलं होतं, "मॅडम, खाली कडक आहे, आठ नंबर आणू का?" मागे चौघे थांबले होते, त्यांचा खोळंबा नको म्हणून मी मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्यांदा जमिनीचं कुणीतरी सांगितलं आणि दुसऱ्यांदा मी ऐकलं नाही. कॅडी त्या जमिनीवर रोज चालतात. ते काही म्हणाले तर थांबून ऐका, मागच्यांना दोन मिनिटं थांबू दे.

जमीन कशी बघायची? बॉलच्या बाजूला उभं राहून टाच दाबा. टाच रुतली तर मऊ, टणक लागली तर कडक. बॉलपासून हातभर बाजूला एक-दोन सरावाचे स्विंग करा आणि तळाचा आवाज ऐका. मऊ जमिनीवर फसकन घासल्यासारखा येतो, कडक जमिनीवर टप्प असा, आणि मनगटाला हिसका कळतो. तो हिसका कळला की सँड वेज खाली ठेवा. बॉलच्या मागचं गवत किंवा माती मात्र दाबायची नाही, दोन स्ट्रोक दंड आहे. बंकरमध्ये तर हाताने किंवा क्लबने वाळू चाचपायचीच नाही, पाय रोवताना तळव्याला जे कळेल तेवढंच.

मग गवत. बॉल गवतावर उभा असेल तर हवा तो क्लब. गवतात बसला असेल तर लॉफ्ट जास्त हवा, तिथे सँड वेजच, आणि खाली मऊ असेल तर तिचा बाउन्स कामाचा. पावसाळ्यात ओल्या मातीवर पातळ तळाची वेज रुतते, तिथेही जास्त बाउन्सच. जमीन बदलली की उत्तर बदलतं.

उभं राहणं सगळ्यांना येतं. वजन पुढच्या पायावर, बॉल थोडा मागे, हात किंचित पुढे. फार पुढे नको, लॉफ्टही जातो आणि धार रुतते. आठ नंबरने पट मारल्यासारखं मारा, मनगट मोडू नका.

मारून झाल्यावर तळ पुसा, पुढच्या होलला जा. गाडी रात्रीची आहे, जळगावला पहाटे उतरू. येताना प्रत्येकाने आपल्या वेजवरचे दोन आकडे मला कळवा, मी आपल्या सगळ्यांचे एका कागदावर लिहून ठेवते. आणि सालदाराला मी सांगून ठेवलंय, यंदा एप्रिलमध्ये त्या तुकड्याला पाणी सोडायचं नाही.