घराला कुलूप लावून गावाला चाललात? मांजरीच्या सोबतीचं आधी ठरवा

आमच्याकडे यवतमाळकडच्या खेड्यात सगळ्यांच्या तोंडी एकच, कुत्रं माणसाले जीव लावते अन् मांजर घराले. म्हणून लग्नाला जायचं असो की दिवाळीत माहेरी, बैलांची सोय लागते, कुत्र्याची लागते, कोंबड्या शेजारी सोपवतात, आणि मांजरीचं विचारलं तर ‘तिचं काय, उंदीर खाऊन राहीन ते’. मीही हेच धरून चालले होते. दोन वर्षांआधी मे महिन्यात दिराच्या लग्नासाठी चार दिवस चंद्रपूरला गेलो, मनीसाठी गंजभर दूध-पोळी कुस्करून ठेवली, बादलीत पाणी, मागच्या खिडकीचं एक झडप उघडं. परत आलो तर दूध नासलेलं, त्यावर मुंग्यांची रांग, पाणी तळाला गेलेलं आणि मनी कणगीच्या मागं अशी बसली होती की आवाज देऊनही उठेना. पुढचा दीड दिवस तिनं काही तोंडाला लावलं नाही. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले की मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते आणि मग ते जिवावर बेततं. सलाईन लावलं, वाचली. तेव्हापासून घर सोडायच्या आधी मी काय काय करते ते सांगते.

आधी मूळ प्रश्न, मांजरीला सोबत लागते का

लागते, पण आपण समजतो तशी नाही. मांजरीचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, एकट्यानं शिकार करणारं, कारण उंदीर एकाच्याच पोटापुरता असतो, वाटून खायचा प्रश्नच नाही. माणसानं धान्य साठवायला सुरुवात केली तसे उंदीर आले आणि उंदरांमागं हे आलं, साधारण दहा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. पण म्हणून ते पूर्ण एकलकोंडं आहे असं नाही. कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, राहणाऱ्या मांजरी बघा, माय, तिच्या लेकी, मावश्या एकाच जागी राहतात, एकमेकींची पिल्लं चाटतात, दूधसुद्धा पाजतात. म्हणजे ओळखीच्यांची सोबत त्यांना चालते, परक्याची नाही, आणि पुढचं सगळं याच एका गोष्टीवर आहे.

माणसाचं म्हणाल तर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटं एकटं ठेवून मग त्यांचं माणूस परत आत पाठवलं, तर जवळपास ६४ टक्के पिल्लं माणूस दिसल्यावर निवांत झाली, पुन्हा खोली हुंगत फिरायला लागली. आणि २०२० मध्ये ब्राझीलमधल्या अभ्यासात २२३ मांजरींपैकी ३० मांजरींमध्ये मालक नसताना त्रासाची लक्षणं दिसली, सामान फाडणं, खूप ओरडणं, नको तिथं लघवी, मलूल पडून राहणं. ज्या घरात खेळायला काही नाही, दुसरं जनावर नाही, माणसं रोज बरेच तास बाहेर, तिथं हे जास्त. म्हणजे बहुतेक मांजरी निभावून नेतात पण सगळ्याच नाही, आणि आपली कोणती आहे हे आपल्यालाच पाहावं लागतं.

पहिलं काम, आपलं मांजर किती वेळ राहील ते ठरवा

धडधाकट मोठं मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपूनच काढतं, त्यामुळं तुम्ही सकाळी वावरात गेलात आणि संध्याकाळी दिवे लागणीला आलात तर त्याला काही वाटत नाही, जाग त्याची पहाटे आणि तिन्हीसांजेलाच असते आणि तेव्हा तुम्ही घरी असता. एक रात्र बाहेर राहायचं असेल तर खाणं-पाणी नीट ठेवून जमतं. त्याच्यावर गेलं की रोज कोणीतरी आलंच पाहिजे, एकदा तरी, जमलं तर दोनदा. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू चार-पाच तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नका. म्हातारी, औषध चालू असलेली किंवा कधी लघवी अडलेली मांजर असेल तर दिवसातून दोन फेऱ्या पक्क्या.

माणूस शोधा, आणि आपण घरी असतानाच त्याची ओळख करून द्या

सगळ्यात जास्त वेळ यात घालवा. आमच्याकडे शेजारच्या काकू येतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अवं, मांजरीले काय पाहाचं, थे काय लेकरू हाय काय.” मी म्हटलं काकू, फक्त सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं बसा तिच्याजवळ. जायच्या तीन-चार दिवस आधीपासून त्यांना रोज बोलावलं, मी समोर असताना त्यांच्याच हातानं उकडलेलं अंडं द्यायला लावलं. पहिल्या दिवशी मनी बाजेखाली, दुसऱ्या दिवशी दारात, तिसऱ्या दिवशी काकूंच्या पायाला अंग घासत होती. हे आधी केलं नाही तर आपण नसताना घरात शिरणारं माणूस मांजरीसाठी चोरच असतं, ते लपून बसतं आणि त्या माणसाला वाटतं मांजर घरात नाहीच.

हाक कशी मारायची तेही सांगा. कोणी मनी मनी म्हणतं, कोणी माऊ, कोणी नुसतं पुस्‌पुस्‌. जपानमध्ये २०१९ साली अभ्यास झाला त्यात मांजरी आपलं नाव दुसऱ्या शब्दांतून ओळखतात हे दिसलं, अनोळखी माणसाच्या आवाजातही. म्हणून जे नाव आपण घेतो तेच त्यांनी घ्यायचं, त्याच वेळी, त्याच ताटलीत. पोट्ट्यांवर हे काम टाकू नका, ते पहिल्या दिवशी हौसेनं जातात आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेटमध्ये विसरतात.

येणाऱ्यानं नुसतं खाणं टाकून निघायचं नाही हे स्पष्ट बोलून घ्या. बसायचं. मांजर जवळ आलं तर पाठीवरून हात, नाही आलं तर ओढायचं नाही. दोरीला चिंधी बांधून पाच मिनिटं ओढली तरी त्याची शिकारीची हौस भागते. आणि रोज व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवायचे, ताटलीचा आणि त्याच्या शी-शूसाठी रेती भरून ठेवलेल्या घमेल्याचा, मांजरीचा गोड फोटो आला की बरं वाटतं खरं पण मांजर जेवलं की नाही आणि लघवी झाली की नाही ते या दोन फोटोंतच कळतं.

घराची तयारी

कुलूप लावायच्या आधी मांजर डोळ्यांनी बघा. कणगी, दिवाण, कपाट, गोधड्यांची थप्पी, कुटाराची खोली, कुठंही घुसून झोपलेलं असतं आणि आपण वरून कडी लावून मोकळे होतो. आमच्या भावकीतलं एक पिल्लू असंच दिवाणात दोन दिवस राहिलं.

टिनाचं घर असेल तर उन्हाळ्यात बंद करून मांजर आत ठेवूच नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली बंद खोलीत काय होत असेल विचार करा. मातीच्या भिंतीची खोली किंवा ओसरीचा सावलीचा कोपरा द्या, कूलरच्या भरवशावर राहू नका, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर ऊन लागलं समजायचं, सावलीत न्यायचं, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि लगेच डॉक्टर.

बाहेर फिरणारं मांजर असेल तर दिवसा फिरू द्या पण संध्याकाळी काकूंनी आत घेऊन दार लावायचं. कुत्री असतात, आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत बिबट्याही. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी चालू असेल किंवा कोणी गोदामात उंदराचं औषध ठेवलं असेल तर आत ठेवलेलंच बरं, औषध खाल्लेला उंदीर मांजरीनं खाल्ला तर तिलाही बाधतं. दिवाळीत जाणार असाल तर बाजेखाली पोतं टाकून अंधारा आडोसा करून द्या, फटाके वाजले की ते तिथं जातं. तुमचं न धुतलेलं लुगडं नाहीतर बनियन त्यावर अंथरा, आपला वास असला की त्याला धीर राहतो.

खाणं, पाणी, घमेलं

दूध-पोळीवर ठेवून जाऊ नका, मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरींना दूध पचत नाही आणि गरमीत ते दोन-तीन तासांत नासतं. मांजर मांसावर जगणारं जनावर आहे. येणाऱ्यानं ताजं उकडलेलं चिकन किंवा अंडं द्यावं, कांदा-लसूण-मीठ-तिखट काही नको, आणि मधल्या वेळेला पाकिटातलं कोरडं खाणं ठेवावं. पण ते नवीन असेल तर आधी आठवडाभर थोडं थोडं सवयीच्या खाण्यात मिसळून लावा. मुंग्यांसाठी आपला जुनाच उपाय, परातीत पाणी आणि मधोमध ताटली. पाणी पसरट मातीच्या भांड्यात, दोन-तीन जागी, खाण्यापासून जरा लांब. घमेल्यात रेती भरली की झालं, फक्त रोज काढायची, घाण घमेल्यात मांजर जात नाही.

एक गोष्ट काकूंना दहा वेळा सांगितली, मांजर गरम लागलं तरी माणसाची तापाची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते.

सोबतीला दुसरं मांजर आणू का?

जायच्या तोंडावर अजिबात नाही. परकं मांजर घरात आलं की सोबत होत नाही, भांडण होतं, आणि ते सोडवायला आपण घरी नसतो. दोन पाळायचीच असतील तर एकाच वेतातली भावंडं लहानपणापासून घ्या, म्हणजे खेळायला-झोपायला एकमेकांना राहतात. मोठ्या मांजरीजवळ नवीन आणायचं तर आधी वेगळी खोली, एकाचं अंथरूण दुसऱ्याला हुंगायला द्यायचं, दाराच्या फटीतून जेवण, आणि मग हळूहळू समोरासमोर, यात काही आठवडे जातात. दोघांची नसबंदी करून घ्या, नाहीतर मादी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहते आणि दोन महिन्यांत घरात पिल्लंच पिल्लं.

मांजरीला सोबत घेऊन जाऊ का असंही विचारतात. दोन-चार दिवसांसाठी नको. एसटीत टोपल्यात बांधून नेलेलं मांजर नव्या गावात दार उघडं दिसलं की पळतं आणि मग सापडत नाही. महिनाभर राहायचं असेल तरच न्या, आणि तिथं पहिले दोन-तीन आठवडे घराबाहेर सोडू नका.

परत आल्यावर

आल्या आल्या उचलून घेऊ नका, बॅग खाली ठेवा, जमिनीवर बसा, ते येतं. स्वीडनमधल्या एका अभ्यासात दिसलंय की मालक अर्ध्या तासानं परत आला त्यापेक्षा चार तासांनी आला तर मांजरी जास्त घुरघुरतात, जास्त आळस देतात. अंथरुणावर लघवी केली असेल तर मारू नका, तुमचा वास तिथंच सगळ्यात जास्त असतो म्हणून बिचारं तिथं जातं. दोन दिवस जेवण आणि लघवीवर लक्ष ठेवा, पोटावरचे केस चाटून चाटून काढले असतील तर डॉक्टरांना दाखवा. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री निघा, लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत जातो.

आणि ज्यांनी आपलं मांजर पाहिलं त्यांचं काम आपणही अंगावर घ्या. मागच्या महिन्यात काकू लेकीकडे वर्ध्याला गेल्या तेव्हा चार दिवस त्यांच्या कोंबड्या संध्याकाळी डालायचं आणि सकाळी सोडायचं माझ्याकडे होतं, मनी रोज माझ्या मागं त्यांच्या आंगणापर्यंत यायची आणि काकूंच्या बंद दारापुढं बसून राहायची.