चौकटीतली वाळवी: शेवटी काय केल्यावर थांबली (माझा अनुभव)

जुळे सोलापुरातलं घर, बाथरूमच्या दाराची सागवानी चौकट. खालून वर मातीच्या बोटभर रेघा, ठोकलं की पोकळ आवाज आणि शेजारच्या कपाटात तळाची चादर कुरतडलेली. मिठाचं पाणी, व्हिनेगर, नुसतं कडुनिंबाचं तेल सगळं झालं, रेघ पुसली की परत हजर, डोकं उठलं होतं.

वाळवी जमिनीतून ओलीच्या मागे येते, म्हणून आधी ओल बंद करा, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे नळाचा जॉइंट भिंतीच्या आत झिरपत होता, तो प्लंबरकडून बदलून घेतला. मग रेघा खरवडून काढल्या, पोकळ लाकूड पटाशीनं उकरलं आणि पूर्ण वाळू दिलं, मे महिन्यात सोलापुरात ऊन विकत घ्यावं लागत नाही, चादरी पण गच्चीवर टाकल्या. मग १ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम बोरिक पावडर (कॅरमवाली, मेडिकलमध्ये मिळते) विरघळवून कोरड्या लाकडावर ब्रशनं दोन हात मारले, भोकात सिरिंजनं सोडलं. ग्लोव्हज घाला, लेकरं नि मांजर लांब ठेवा, नैसर्गिक खनिज असलं तरी पोटात गेलं तर विषच. वाळल्यावर फटी व्हाइट सिमेंटनं बुजवल्या आणि वरून ऑइलपेंट, कारण पाणी लागलं की बोरिक धुवून जातं. पावसाळा गेला, नवी रेघ नाही.

जमिनीखालचं वारूळ यानं मरत नाही, दुसऱ्या खोलीतही रेघा दिसल्या तर सरळ पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.