अंतर्गत धूप: कणांच्या आलेखावरून मातीची पारख करताना या चुका टाळा

पाझराच्या पाण्याबरोबर मातीतलेच बारीक कण आतून वाहून जाणे म्हणजे अंतर्गत धूप. मातीच्या चाळणी चाचणीचा अहवाल आला की पहिली नजर एकसमानता गुणांकावर, म्हणजे कणांच्या आकारांतला फरक सांगणाऱ्या आकड्यावर, जाते. तो मोठा दिसला की माती ‘वेल ग्रेडेड’ (सगळ्या आकारांचे कण असलेली) आणि म्हणून सुरक्षित, असा शेरा पडतो. सगळ्यांत घातक चूक हीच. हा गुणांक डी६० आणि डी१० (ज्या व्यासांखाली अनुक्रमे ६० आणि १० टक्के माती येते) या दोनच बिंदूंवरून निघतो. मधल्या आकाराचे कण जवळपास गायब असले तरी तो मोठा येतो. अशाच मातीत बारीक कण पाझराबरोबर खडीच्या पोकळ्यांतून निसटतात.

म्हणून कोणत्या व्यासाखाली किती टक्के माती आहे हे दाखवणाऱ्या आलेखाचा आकार तपासा. केनी आणि लाऊ या संशोधकांची पद्धत त्यासाठीच आहे. कुठलाही एक व्यास घ्या. त्याहून बारीक कणांचे प्रमाण म्हणजे एफ. तो व्यास आणि त्याची चौपट यांच्या दरम्यानच्या कणांचे प्रमाण म्हणजे एच. समजा १ मिमीखाली १५ टक्के आणि ४ मिमीखाली २७ टक्के माती आहे. एच १२ आला, एफपेक्षा कमी. बारीक कणांना अडवणारे मधले कण अपुरे आहेत. १९८५ मध्ये त्यांनी एच/एफची किमान मर्यादा १.३ ठेवली होती, १९८६ मध्ये ती १ केली. अहवालात कोणती वापरली ते लिहाच.

ही तपासणी संपूर्ण आलेखावर करणे ही उलट बाजूची चूक. वरच्या टोकाला एच शून्याकडेच जातो, त्यामुळे चांगली मातीही नापास होते. विस्तृत श्रेणीच्या (कणांच्या आकारांत मोठा फरक असलेल्या) मातीत एफ २० टक्क्यांपर्यंत आणि अरुंद श्रेणीच्या मातीत ३० टक्क्यांपर्यंतच पाहा. बारीक भाग साधारण ३५ टक्क्यांच्या पुढे गेला की जाड कण त्यात तरंगतात, सांगाडाच उरत नाही. मग हा निकष लावण्यात अर्थ नाही.

आलेखात अचानक सपाट पट्टा दिसला तर आधी नमुन्यावर संशय घ्या. दोन थरांची माती एका पिशवीत भरली तरी असाच पट्टा येतो. कोरड्या चाळणीत गाळाचे गोळे वाळू म्हणून मोजले जातात, म्हणून ७५ मायक्रॉनवर धुऊनच चाळा.

चिकणमातीचा निर्णय मात्र आलेखावर सोडू नका. हायड्रोमीटर चाचणीत (पाण्यात कण बसण्याच्या वेगावरून त्यांचा आकार काढणारी) आपण रसायन घालून कण मुद्दाम सुटे करतो. साध्या पाण्यात ते आपणहून सुटतील का, हे त्यातून कळत नाही. अशी विखुरणारी माती ओळखायला क्रम्ब (मातीचा खडा पाण्यात ठेवून पाहणे) किंवा पिनहोल (मातीतल्या बारीक भोकातून पाणी सोडून पाहणे) चाचणी वेगळी करावी लागते.