हॉर्मोन घालण्याआधी: प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

प्रोस्टेटच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सिनिअर प्रोटोकॉलचा कागद देतो आणि सांगतो, "यात फक्त हॉर्मोन घालायचं, बाकी नेहमीचंच." त्या 'बाकी नेहमीचंच'वर विश्वास ठेवू नका. माझं पीएचडीचं जवळजवळ सगळं पहिलं वर्ष तिथेच अडकलं होतं.

पेशी निवडताना वाढीचा वेग बघू नका. पीसी-३ आणि डीयू-१४५ या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशीरेषा भराभर वाढतात, प्रत्येक फ्रीजरमध्ये असतात, पण त्यांच्यात अँड्रोजेन रिसेप्टर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हॉर्मोन्स (अँड्रोजेन) ओळखणारं प्रथिन, जवळपास नसतोच. त्यांना टेस्टोस्टेरॉन देऊन उत्तराची वाट बघण्यात अर्थ नाही. एलएनकॅप ही पेशीरेषा घ्या. १९७७ साली एका पन्नाशीच्या रुग्णाच्या लिम्फ नोडमधून ती निघाली आणि ती अँड्रोजेनला खरोखर प्रतिसाद देते. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशी संग्रहातून मागवा, शेजारच्या लॅबमधून उसनी आणू नका. पॅसेज, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये किती वेळा हलवल्या तो आकडा, ८०च्या पुढे गेलेल्या एलएनकॅप पेशी हॉर्मोनशिवायही वाढायला लागतात, आणि उसन्या फ्लास्कवर पॅसेजचा आकडा क्वचितच खरा असतो.

आता मुख्य गोष्ट. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की अंडकोष काढले की प्रोस्टेटचा पसरलेला कॅन्सरही मागे हटतो. त्यासाठी १९६६चं नोबेलही मिळालं. त्यामुळे आपल्या डोक्यात सरळ रेष बसलेली असते: जास्त हॉर्मोन, जास्त वाढ. एलएनकॅपमध्ये तसं होत नाही. आर१८८१ हे कृत्रिम अँड्रोजेन दिलं, तर साधारण ०.१ नॅनोमोलरला वाढ शिखरावर पोचते. १ किंवा १० नॅनोमोलरला ती खाली येते, कारण पेशी विभाजनाच्या आधीच थांबतात. आलेख डोंगरासारखा, चढ आणि मग उतार.

शिखर इतक्या कमी मात्रेवर आहे, हे नीट लक्षात घ्या. पेशी वाढवायला वापरतात त्या साध्या फीटल बोव्हाइन सीरममध्ये (वासराच्या गर्भाच्या रक्तापासूनच्या द्रवात) वासराचे स्टिरॉइड थोडेफार असतातच. वर एलएनकॅपच्या रिसेप्टरमध्ये ८७७व्या जागी बदल आहे, त्यामुळे त्याला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनही चालतात. म्हणजे प्लेटमधल्या ज्या वेलला (खड्ड्याला) तुम्ही 'शून्य' म्हणता, ती चढावर कुठेतरी आधीच उभी असते. आमटीत आधीच मीठ पडलेलं असताना आणखी किती लागेल याचा अंदाज घेण्यासारखं आहे हे. तुम्ही हॉर्मोन घालता आणि तुम्हाला फक्त उतार दिसतो. मग 'अँड्रोजेनमुळे कॅन्सर कमी होतो' असा निष्कर्ष वहीत जातो, नाहीतर पेशींना बुरशी लागली असेल म्हणून प्लेट फेकली जाते. दोन्ही चूक. माझ्या गाईडनीही तेव्हा "पुन्हा कर" एवढंच सांगितलं. पुन्हा केलं, पुन्हा तोच उतार आला. ज्याला स्वतः पिपेट हातात धरून वर्षं झालीत, त्याच्याकडून सीरमबद्दल सल्ला घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

मग करायचं काय? चारकोलने स्टिरॉइड काढलेलं सीरम घ्या, आणि पूर्ण प्रयोगमालेला पुरेल इतकं एकाच लॉटचं घ्या. मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, फिनॉल रेड या रंगाशिवायचा हवा, कारण त्या लाल रंगालाही हलका इस्ट्रोजेनसारखा परिणाम असतो. पेशी दोन-तीन दिवस या उपासावर ठेवा, मगच डोस. हॉर्मोन इथेनॉलमध्ये विरघळवलेलं असतं, म्हणून हॉर्मोन नसलेल्या कंट्रोल वेलमध्येही तेवढंच इथेनॉल टाका. मात्रा ०.०१ ते १० नॅनोमोलरपर्यंत पसरवा, मधली एकही गाळू नका. डीएचटी (शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं अँड्रोजेन) वापरणार असाल तर या पेशी ते निकामी करून टाकतात. म्हणून सुरुवात आर१८८१ने करा.

उपासात पेशी मंदावतील, काहींना मज्जातंतूंसारखे धागे फुटतील. घाबरू नका, त्या मेलेल्या नाहीत. त्या प्लेटला नीट चिकटत नाहीत म्हणून धुताना हात हलका ठेवा. पॉली-लायसिनचा थर दिलात तर खूप सोपं जातं.

मोजणीत मात्र शॉर्टकट नको. एमटीटी या रंगचाचणीचा जांभळा रंग पेशींची चयापचयक्रिया दाखवतो आणि अँड्रोजेन तीच बदलतं. पेशी मोजा. सोबत मीडियातलं पीएसए, म्हणजे अँड्रोजेन मिळाल्यावर या पेशी बाहेर टाकतात ते प्रथिन, मोजा. वाढ उतरत असतानाही पीएसए चढत राहिलं, तर रिसेप्टर काम करतोय आणि हॉर्मोन पोचलंय याची खात्री पटते.

उतार दिसला तर तो लपवू नका. जॉन्स हॉपकिन्समध्ये सॅम्युअल डेनमिड यांच्या गटाने काही रुग्णांना मुद्दाम भरपूर टेस्टोस्टेरॉन देऊन मग ते खाली येऊ द्यायची उपचारपद्धत तपासली आहे. गाईडला आलेख दाखवताना चढ आणि उतार एकाच कागदावर ठेवा, पीएसएची रेघ त्याच्याच खाली.