मुलाला भाषाविकार आहे का, हे तपासायला आश्रमशाळेत जाताय?

रेकॉर्डर, चार्जर, चित्रं, वही हे तुम्ही घ्यालच. घ्यायचं राहतं ते माणूस. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे निघताय ना, तिथल्या बऱ्याच आदिवासी मुलांची घरची भाषा कोरकू; मग आधी ती बोलणारं, वयाने मोठं माणूस ठरवा आणि मग गाडी. मागच्या खेपेला माझी गाडी ठरली होती, माणूस नव्हतं.

कान आधी. कान वाहतोय, पडद्यामागे पाणी साठलंय, अशी पोरं वर्गात ‘मठ्ठ’ ठरून बसतात. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाला नसेल तर चाचणीची पेटी उघडूच नका.

शिक्षक म्हणतील, ‘बोलतच नाही.’ कुठे बोलत नाही ते विचारा. वर्गात, की मैदानावर मित्रांमध्येही नाही? नव्या भाषेच्या शाळेत आल्यावर काही मुलं कित्येक महिने गप्प असतात. पहिला शब्द कधी आला, भावंडांच्या मानाने उशीर झाला का, त्याचं बोलणं घरात आजीला कळतं का, हे आईवडिलांकडूनच समजतं, आणि तेही कोरकूत विचारलं तर. म्हणून पुन्हा सांगते, माणूस.

‘त्याने पोळी खाल्ला’ असं ऐकलं की आपण लगेच फुली मारतो. थांबा जरा. मराठीत तीन लिंगं, तर कोरकूत नामांची वाटणी सजीव-निर्जीव अशी. पोळी बाई की बुवा, हा प्रश्नच त्या घरात नाही. उलट कोरकूत दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. तिथे मुलगा अडखळतो का, हे मराठीतून जन्मात कळायचं नाही. खरा भाषाविकार दोन्ही भाषांत दिसतो. चुका नुसत्या मराठीत असतील तर पोरगं मराठी शिकतंय, एवढंच.

आणलेल्या माणसाला आदल्या दिवशी नीट समजावून सांगा. मुलगा ‘कुत्रा... पळ... मग तिथे’ एवढंच म्हणतो आणि दुभाषी मायेने ‘कुत्रा पळाला आणि विहिरीत पडला’ असं सांगून मोकळा होतो. झालं, जे टिपायला गेलो तेच गेलं! अर्धवट तर अर्धवट, जसंच्या तसं हवं. मुलाला खाणाखुणांनी सुचवणंही नको. आणि वरच्या वर्गातल्या पोराला पकडून काम भागवू नका, संध्याकाळपर्यंत सगळं वसतिगृहभर होतं.

गोष्ट बिनशब्दांच्या चित्रपुस्तकावरून सांगायला लावा, दोन्ही भाषांत, पण वेगवेगळ्या दिवशी. निरर्थक शब्द ऐकवून परत म्हणवून घ्या. न जमलेलं थोडं शिकवा आणि पुन्हा विचारा; किती पटकन उचलतो, ते गुणांपेक्षा जास्त सांगून जातं. इंग्रजी चाचणी मराठीत उतरवून तिचेच वयानुसार गुणांचे तक्ते लावायचा उद्योग कृपया नको, ते आकडे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचे आहेत.

वाचन, लेखन, लक्ष, खेळ यांच्या नोंदी घ्या. अहवाल पानभर पुरे. कुठल्या भाषेत काय तपासलं ते पहिल्याच ओळीत. कोरकूत तपासलंच नसेल तर निदानाची जागा कोरी ठेवून पुढची तारीख घ्या. आणि हो, तुमच्याबरोबर येणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, त्याचे पैसे आधीच खर्चात धरा.